सुणें आणि सिनिक

‘सिनिकल’ हा शब्द आता आपल्या बोलण्यात चांगलाच रुळला आहे. निवडणुकीच्या गप्पा चाललेल्या असतात. एखादा म्हणतो, ‘कुणीही निवडून आला तरी काय फरक पडतो? सगळे एकाच माळेचे मणी!’ लगेच दुसरा त्याला म्हणतो, ‘तू हल्ली फारच सिनिकल झालास हं!’ बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला, दोघांनाही अर्थ बरोबर कळतो. कुणी देवळाला देणगी दिली की ‘काळा पैसा असेल’, कुणी म्हाताऱ्या मावशीची सेवा केली की ‘घरावर डोळा असेल’ असे ज्याला ताबडतोब सुचते, तो सिनिक. मराठीत त्याला नेमका प्रतिशब्द सापडत नाही. तिरसट म्हणावे तर तो नुसता स्वभाव झाला. छिद्रान्वेषी म्हणजे दुसऱ्याची उणीदुणी काढणारा. संशयी म्हणावे तर संशयी माणसाला आपला संशय खरा की खोटा हे निदान जाणून घ्यायचे असते. सिनिकला तेवढीही उत्सुकता नसते. खटला उभा राहण्यापूर्वीच त्याने निकाल लावलेला असतो!

या शब्दाचे मूळ शोधत गेले तर आपण थेट कुत्र्यापाशी जाऊन पोचतो. ग्रीक भाषेत कुत्र्याला ‘कुओन’ म्हणतात. त्याची षष्ठी ‘कुनोस’, म्हणजे कुत्र्याचा. त्यावरून ‘कुनिकोस’, कुत्र्यासारखा. हा शब्द लॅटिनमध्ये गेला, तिथून फ्रेंच आणि इंग्रजीकडे येताना त्यातल्या ‘क’चा ‘स’ झाला आणि ‘सिनिक’ तयार झाला. आता संस्कृत आठवून बघा. कुत्रा म्हणजे श्वन्, आणि त्याची षष्ठी शुनः. ग्रीक कुनोस आणि संस्कृत शुनः हे एकाच आजीचे नातू. लॅटिन ‘कानिस’ आणि इंग्रजी ‘हाउंड’ हेही त्याच घरातले. संस्कृतातल्या शुनकापासून प्राकृताच्या वाटेने आपल्या कोकणीतले ‘सुणें’ आले. जुन्या मराठीतही हा शब्द होता, पुढे कुत्र्याने त्याला हाकलून लावले. म्हणजे गोव्यातले वाड्यावरचे सुणें आणि इंग्रजी वर्तमानपत्राच्या अग्रलेखातला सिनिक हे लांबचे का होईना, पण सख्खे भाऊबंद आहेत.

जाता जाता आणखी एक गंमत. ऐतरेय ब्राह्मणात अजीगर्त नावाच्या दरिद्री ब्राह्मणाच्या तीन मुलांची नावे येतात : शुनःपुच्छ, शुनःशेप आणि शुनोलांगूल. मधल्याला बापाने शंभर गाईंच्या बदल्यात यज्ञात बळी देण्यासाठी विकले, ती गोष्ट पुष्कळांना ठाऊक असेल. थोरला शुनःपुच्छ, म्हणजे कुत्र्याचे शेपूट. ग्रीकांनी ध्रुवतारा ज्यात आहे त्या लहान सप्तर्षींना ‘कुनोसुरा’ म्हटले, त्याचाही अर्थ कुत्र्याचे शेपूटच. खलाशांचे डोळे त्या ताऱ्यांकडे लागलेले असत, म्हणून इंग्रजीत ‘सायनोशुअर’ म्हणजे सगळ्यांच्या नजरा जिच्यावर खिळतात अशी व्यक्ती. एकाच कुत्र्यापासून निघालेल्या दोन शब्दांपैकी एकावर सगळे भाळतात आणि दुसरा कुणावरच भाळत नाही.

असो. मुद्दा असा की माणसांच्या एका पंथाला कुत्र्याचे नाव का पडले?

अथेन्समध्ये सॉक्रेटिसचा अँटिस्थेनिस नावाचा एक शिष्य होता. इ. स. पूर्व ३९९ मध्ये सॉक्रेटिसला विषाचा पेला दिला गेला तेव्हा तो तुरुंगात हजर होता. अथेन्सच्या वेशीबाहेर ‘कुनोसार्गेस’ नावाची एक व्यायामशाळा होती. ज्यांचे आईबाप दोघेही अस्सल अथेन्सचे नाहीत अशांसाठी ती राखलेली होती, आणि अँटिस्थेनिसची आई परदेशी, थ्रेसची असल्याचे सांगत. तो तिथे शिकवी. त्या जागेच्या नावात कुत्रा आहे, म्हणून पंथाला ते नाव पडले अशी एक उपपत्ती आहे. दुसरी उपपत्ती जास्त पटण्याजोगी आहे. लोकांनी डायोजिनीसला शिवी म्हणून कुत्रा म्हटले आणि त्याने ती शिवी पदवीसारखी मिरवली. ॲरिस्टॉटल त्याचा समकालीन. त्याच्या एका ग्रंथात ‘कुत्रा’ एवढाच उल्लेख येतो आणि तो डायोजिनीसचाच असावा असे अभ्यासक मानतात. म्हणजे नाव न घेता नुसते कुत्रा म्हटले तरी कळावे, इतका तो त्या नावाने प्रसिद्ध होता.

ग्रीकांमध्ये कुत्रा म्हणजे निर्लज्जपणा. होमरच्या काव्यापासून ही शिवी चालत आलेली. पण नंतरच्या ग्रीक टीकाकारांनी या नावाची जी कारणे दिली आहेत ती वाचण्यासारखी आहेत. हे लोक कुत्र्यासारखे उघड्यावर राहतात, खातात, झोपतात आणि त्याची लाज बाळगत नाहीत, हे एक. कुत्रा राखण करतो तशी हे आपल्या तत्त्वांची राखण करतात, हे दुसरे. आणि तिसरे फार मोलाचे : कुत्र्याला आपला कोण आणि परका कोण याचा विवेक असतो. ओळखीच्याजवळ तो शेपूट हलवतो, चोरावर भुंकतो. हे तिसरे कारण लक्षात ठेवावे, पुढे लागणार आहे.

डायोजिनीस मूळचा काळ्या समुद्राच्या काठावरच्या सिनोप या शहराचा. आज ते तुर्कस्तानात आहे. त्याचा बाप हिकेसियास सराफीचा किंवा टांकसाळीचा धंदा करी. त्या शहरात नाणी बिघडवल्याचे एक प्रकरण झाले आणि बापाला की मुलाला, की दोघांना, गाव सोडावे लागले. ही दंतकथाच म्हणून सोडून दिली असती, पण इ. स. पूर्व चौथ्या शतकातली सिनोपची छिन्नीने घाव घातलेली नाणी विसाव्या शतकात अभ्यासकांच्या हाती आली. हिकेसियासचे नाव असलेली नाणीही मिळाली. काही अभ्यासकांचे मत असे की ही लबाडी नव्हतीच. खोटी, हिणकस नाणी बाजारात फिरू नयेत म्हणून त्यांच्यावर घाव घालून ती बाद केली जात होती.

पुढे डायोजिनीसने याच प्रकरणाचे आपल्या आयुष्याचे ब्रीद केले. ग्रीक भाषेत नाण्याला ‘नोमिस्मा’ म्हणतात आणि रूढीला, कायद्याला ‘नोमोस’. दोन्ही एकाच धातूचे. मराठी माणसाला हा श्लेष समजावून सांगायलाच नको, कारण आपल्याकडेही पैशाला चलन म्हणतात आणि रूढीला चाल. जे चालते ते चलन आणि जी चालत आली ती चाल. बाप छिन्नीने चलन तपासत होता, मुलगा समाजाची चाल तपासू लागला. मोठेपणा, कुळ, संपत्ती, मानमरातब ही नाणी बाजारात धडाक्याने चालताहेत खरी, पण ती खरोखर खणखणीत आहेत का? जे नाणे बद्द वाजेल त्याच्यावर तो घाव घाली.

त्याच्या गोष्टी शाळेच्या पुस्तकांतून आपण सगळ्यांनीच वाचल्या आहेत. इ. स.च्या तिसऱ्या शतकात डायोजिनीस लाएर्शियस या नामसाधर्म्य असलेल्या लेखकाने त्या एकत्र केल्या. त्यांतल्या किती घडलेल्या आणि किती रचलेल्या हे ठरवणे कठीण. तो पिंपात राहत असे म्हणतात, ते लाकडी पिंप नव्हे. धान्य किंवा दारू साठवण्याचा मातीचा भला मोठा रांजण होता. ओंजळीने पाणी पिणारे पोर पाहिले आणि त्याने आपला वाडगा फेकून दिला. पुतळ्यांसमोर हात पसरून तो भीक मागे. का, तर नकार ऐकण्याची सवय व्हावी म्हणून! देवळातल्या खजिन्याचे अधिकारी एका भांडे चोरणाऱ्याला पकडून नेत होते, ते पाहून मोठे चोर धाकट्या चोराला घेऊन चालले आहेत असे तो म्हणाला. सरकारी नोकरीत असल्यामुळे ही गोष्ट मला जरा जास्तच आवडते. कॉरिंथला सिकंदर स्वतः भेटायला आला आणि काय हवे ते माग म्हणाला. याने त्याला जरा बाजूला हो, माझे ऊन अडवतोस, एवढेच सांगितले.

पण सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट म्हणजे भर दुपारी कंदील पेटवून बाजारातून फिरण्याची. विचारले तर म्हणे, माणूस शोधतो आहे. ‘प्रामाणिक माणूस’ हे नंतरच्या लोकांनी जोडले, जुन्या ग्रंथात नुसता माणूस आहे. या गोष्टीवरून डायोजिनीस हा आजच्या अर्थाने सिनिकांचा आजोबा ठरवला जातो. जगात चांगला माणूसच नाही असे त्याला म्हणायचे होते, असा अर्थ लावतात. मला तो उलटा वाटतो. जगात माणूस नाहीच याची ज्याला खात्री आहे तो कंदिलात तेल कशाला घालील? तो घरी पडून राहील. शोधणाऱ्याला कुठेतरी सापडण्याची आशा असते. तिऱ्हाइताने गाव विचारले तर आपण जगाचे नागरिक आहोत असे हा माणूस सांगे. ज्याचा माणसांवर अजिबात विश्वास नाही तो साऱ्या जगाला आपले गाव म्हणत नाही.

त्याच्या परंपरेतला क्रेटिस तर आजच्या अर्थाला साफच खोटे पाडतो. थीब्जचा हा श्रीमंत माणूस. सगळी संपत्ती सोडून तो या पंथात आला. तो दिसायला कुरूप आणि पाठीत वाकलेला असल्याचे वर्णन मिळते, पण अथेन्समध्ये त्याला लोकांनी दिलेले नाव होते ‘दार उघडणारा’. कारण तो कुणाच्याही घरात बिनदिक्कत शिरे आणि लोक आनंदाने त्याला आत घेत. नवराबायकोची, भावाभावांची भांडणे तो मिटवी. हिपार्किया नावाची चांगल्या घरची मुलगी त्याच्या प्रेमात पडली आणि आईबापांचा विरोध पत्करून तिने त्याच्याशी संसार केला. तोही कसला, अंगावर एक जाड वस्त्र, खांद्याला झोळी आणि हातात काठी एवढाच! प्राचीन ग्रीसमधल्या हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या स्त्री तत्त्वज्ञांत तिची गणना होते. क्रेटिसचा शिष्य झेनो, आणि झेनोपासून स्टोइक तत्त्वज्ञान सुरू झाले. ज्याला घराघरातली दारे उघडत होती तो माणूस सिनिक होता, हे आज कुणाला सांगितले तर पटेल का?

या पंथाची एक वाट आपल्या देशापर्यंत आली होती. सिकंदराच्या आरमारातला सुकाणू धरणारा ओनेसिक्रिटस हा डायोजिनीसचा शिष्य. इ. स. पूर्व ३२६ मध्ये सिकंदर तक्षशिलेला पोचला तेव्हा तिथल्या नग्न साधूंशी बोलायला त्याने यालाच पाठवले. साधूंमध्ये कल्याण आणि दंडामिस किंवा मंदनिस असे दोघे होते. ही नावे ग्रीकांनी जशी ऐकली तशी. संभाषण तीन दुभाष्यांमार्फत चालले, आणि चिखलातून स्वच्छ पाणी वाहावे अशी अपेक्षा करण्यासारखेच हे आहे, अशा अर्थाचे काहीतरी त्या साधूने म्हटल्याची नोंद आहे. ओनेसिक्रिटसने आपल्या गुरूंविषयी सांगितले. मंदनिसने ऐकून घेतले आणि म्हटले की ही माणसे चांगली दिसतात, पण एका बाबतीत चुकतात. त्यांनी निसर्गापेक्षा रूढीला जास्त मान दिला, नाहीतर ती वस्त्रे कशाला नेसती? साऱ्या ग्रीसमध्ये निर्लज्ज म्हणून गाजलेला डायोजिनीस तक्षशिलेच्या साधूला फारच सोवळा वाटला!

आपल्याकडच्या वाचकाला या लोकांत ओळखीचे चेहरे दिसतात यात नवल नाही. भागवताच्या अकराव्या स्कंधातला अवधूत चोवीस गुरू सांगतो. त्यांत कबुतर आहे, अजगर आहे, मधमाशी आहे. एकनाथांनी त्यावर विस्ताराने लिहिल्यामुळे ही यादी मराठी घरांत पोचली. डायोजिनीसही उंदराची धावपळ पाहून जगायला शिकला असे सांगतात. दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात हेही आठवते. पाशुपत पंथातले साधक तर लोकांनी आपला अपमान करावा म्हणून मुद्दाम वेड्यासारखे वागत. त्यांची आणि ग्रीक सिनिकांची तुलना करणारा डॅनियल इंगॉल्स या अमेरिकन संस्कृत पंडिताचा लेख १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला होता. कुणी कुणाकडून घेतले हा वाद बाजूला ठेवू. मानसन्मानाच्या नाण्यावर विश्वास न ठेवणारी माणसे दोन्हीकडे होती आणि लोक त्यांना हसत हसत खाऊही घालत होते, एवढे खरे.

मग हा शब्द घसरला कसा? एक कारण पंथातच होते. रोमन काळात काठी, झोळी आणि मळके वस्त्र हा गणवेश झाला. तो चढवला की कुणालाही चौकात उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला शिव्या द्यायची मोकळीक मिळू लागली. दुसऱ्या शतकातल्या लूशियनने या भोंदूंची यथेच्छ टिंगल केली आहे. त्यातला पेरेग्रिनस हा तर इ. स. १६५ मध्ये ऑलिंपियाच्या जत्रेत, हजारोंच्या साक्षीने, चितेत उडी घालून मेला. एपिक्टेटसने शिष्यांना बजावले होते की हा मार्ग घ्यायचा तर आधी स्वतःचे मन धुवा, मग जगाला उपदेश करा. चौथ्या शतकात जूलियन या सम्राटानेही, स्वतः डायोजिनीसचा चाहता असून, आपल्या काळातल्या सिनिकांवर कोरडे ओढले. आपल्याकडे भगव्या वस्त्राचे जे झाले तेच तिथे झाले. खोटी नाणी बाद करायला निघालेल्यांच्या नावाने खोटी नाणी पडू लागली.

इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकात आला तो तिथल्या पंडितांच्या ग्रीक-लॅटिन वाचनातून. आधी तो त्या पंथापुरता होता, लवकरच तो सदा गुरगुरणाऱ्या, दोष काढणाऱ्या माणसाला लावू लागले. जॉन लिलीच्या १५८४ च्या नाटकात डायोजिनीस स्वतःच रंगमंचावर येतो. पण या शब्दाच्या पुढच्या प्रवासाची चाहूल शेक्सपिअरच्या ‘टायमन ऑफ अथेन्स’मध्ये लागते. त्यात एक अपेमँटस आहे, पंथातला, पहिल्यापासून गुरगुरणारा. आणि दुसरा टायमन, उधळ्या, उदार, सगळ्यांवर डोळे मिटून विश्वास टाकणारा. पैसा संपतो, मित्र पाठ फिरवतात आणि टायमन रानात जाऊन साऱ्या मनुष्यजातीला शाप देत बसतो. दोघांमध्ये टायमन जास्त भयंकर वाटतो. कारण त्याचा अविश्वास विचारातून आलेला नाही, मोडलेल्या विश्वासातून आलेला आहे. पण त्या रानातही त्याच्याकडे एक माणूस येतो. त्याचा जुना कारभारी, हिशेब ठेवणारा फ्लेव्हियस, आपल्याजवळची तुटपुंजी शिल्लक घेऊन. आणि जगात एक तरी प्रामाणिक माणूस आहे हे टायमनला कबूल करावे लागते. कंदील घेऊन फिरूनही न सापडलेला माणूस शेवटी निघाला कोण, तर कारकून! आमच्या जमातीला याहून मोठे प्रशस्तिपत्र साहित्यात क्वचितच मिळाले असेल.

माणसाच्या कुठल्याही सद्हेतूवर विश्वास न ठेवणारा, हा आजचा अर्थ पक्का झाला तो एकोणिसाव्या शतकात. जर्मन भाषेने या दोन अर्थांची वाटणी करून टाकली आहे. डायोजिनीसच्या पंथाला वेगळे स्पेलिंग आणि आजच्या वृत्तीला वेगळे. १९८३ मध्ये पीटर स्लोटरडाइक या जर्मन विचारवंताने या फरकावर एक जाडजूड ग्रंथच लिहिला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की आजचा सिनिक रांजणात राहत नाही. तो नोकरीत असतो, व्यवस्थेत मुरलेला असतो. चालले आहे ते खोटे आहे हे त्याला नीट कळते आणि तरीही तो तेच करत राहतो.

हे वाचले तेव्हा मी मान डोलावली, कारण खिडकीच्या आतल्या बाजूला वीसेक वर्षे बसून मी हे बघत आलो आहे. आमच्याकडे कधी एखादा नवा मुलगा येतो. पहिल्या वर्षी तो अर्जदाराला कागद समजावून सांगतो. पाचव्या वर्षी तो म्हणतो, ‘एवढे मनावर घ्यायचे नसते.’ दहाव्या वर्षी तो फायलीकडे न बघता कुणाचे काम कुणामुळे अडले असेल हे सांगू लागतो, आणि ते सांगताना हसतो. त्याला कुणी सिनिकल म्हटले तर ती त्याला हुशारीची पावती वाटते.

खिडकीच्या बाहेरही तेच. एका दाखल्यासाठी वाड्यावरचा एक वयस्क गृहस्थ आला होता. कागद पुरे होते, ठरल्या दिवशी दाखला तयार झाला. तो हातात घेऊन तो खिडकीपाशी घुटमळत राहिला. शेवटी हळूच म्हणाला, ‘कोणाक कितें दिवपाचें, बाब?’ काही नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळण्याऐवजी उतरला. दोन दिवसांनी तो परत आला. दाखला वकिलाला दाखवून आणला होता. फुकटात मिळाला त्या अर्थी त्यात काहीतरी खोट असणार, अशी त्याची समजूत! त्याला दोष कसा द्यायचा? बाहेर आयुष्यभर जे चलन चाललेले त्याने पाहिले, त्याच चलनात तो हिशेब करत होता. पण प्रामाणिकपणाच बनावट वाटू लागावा, इथवर अविश्वास पोचला, हे बघून त्या रात्री झोप लागली नाही.

याच्या उलट आमचे एक जुने हेडक्लार्क होते, आता निवृत्त आहेत. कागदाच्या बाबतीत त्यांच्याइतका अविश्वासू माणूस मी पाहिला नाही. सही ताडून बघणार, तारीख ताडून बघणार, वरच्या साहेबाने तोंडी सांगितले तर ‘लेखी द्या’ म्हणणार. कुणाच्या ओळखीची चिठ्ठी आली तर ती सगळ्यांदेखत मोठ्याने वाचून बाजूला ठेवणार. सगळे त्यांना तिरसट म्हणत. पण गावाहून बस पकडून आलेल्या बाईला ते आधी खुर्ची देत, मग कागद मागत. कागदावर अविश्वास आणि माणसावर विश्वास. आजच्या सिनिकाचे नेमके उलटे असते. तो कागदावर डोळे मिटून सही करतो आणि माणसाकडे संशयाने बघतो.

अविश्वासच वाईट, असे मला मुळीच म्हणायचे नाही. सत्तेवर आंधळा विश्वास ठेवणाऱ्या समाजाचे काय होते हे सांगायला इतिहास आहे. माहितीचा अधिकार हा कायदाच मुळी अविश्वासावर उभा आहे. देशासाठी तो २००५ मध्ये आला, गोव्याने तर आपला स्वतःचा कायदा १९९७ मध्येच केला होता. तो भर दुपारचा कंदीलच आहे. पण अर्ज करणाऱ्याला उत्तर मिळेल, आणि ते वाचून काही बदलेल, एवढी आशा असते म्हणून तो अर्ज लिहायला बसतो. ‘सगळे सारखेच’ म्हणणारा कधी अर्ज करत नाही. चोरांना त्याच्याइतका सोयीचा माणूस दुसरा नाही. सगळेच चोर म्हटल्यावर कुणाला पकडायचे?

दोघांत फरक करण्याची एक साधी खूण मला डायोजिनीसच्या चरित्रात दिसते. अविश्वासाची किंमत कोण मोजतो? डायोजिनीसने ती स्वतः मोजली. घर सोडले, गाव सुटले, रांजणात राहिला. क्रेटिसने संपत्ती सोडली. आमच्या हेडक्लार्कनी बढतीच्या वेळी काय सोसले ते आम्ही पाहिले आहे. आजच्या सिनिकाला मात्र काहीच द्यावे लागत नाही. उलट त्याचा फायदाच होतो. जग वाईटच आहे असे एकदा ठरवले की स्वतः चांगले वागण्याची जबाबदारी उरत नाही. मतदानाला जायला नको, तक्रार करायला नको, कुणाच्या मदतीला धावायला नको, आणि वर आपण फसलो नाही याचे समाधान.

आपल्या भाषेतला विश्वास हा शब्द ‘श्वस्’ या धातूपासून आला आहे, म्हणजे श्वास घेणे. ज्याच्याजवळ बसून मोकळा श्वास घेता येतो त्याच्यावर आपला विश्वास. तो सगळ्यांवर ठेवता येत नाही आणि ठेवूही नये. पण कुणावरच ठेवायचा नाही म्हटले तर माणूस गुदमरणारच. त्या ग्रीक टीकाकारांनी कुत्र्याचे जे तिसरे लक्षण सांगितले ते म्हणूनच मोलाचे. दारातल्या सुण्याला आपले कोण आणि चोर कोण हे कळते, म्हणून आपण त्याच्या भरवशावर झोपतो. येईल त्याच्यावर भुंकणारे सुणें राखणीला कुणी ठेवत नाही. काही दिवसांनी त्याच्या भुंकण्याकडे घरातलेही लक्ष देईनासे होतात, आणि चोर नेमका तेव्हाच येतो.